खळखळ, ठक् आणि कुरकुर

गाडी घेतली ती आईसाठी. तिच्या खुब्याचं ऑपरेशन पुण्यात झालं होतं, दर दोन महिन्यांनी दाखवायला न्यायचं आणि एसटीच्या पायऱ्या तिच्यानं चढवेनात. २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी, ६८,००० किलोमीटर झालेली छोटी गाडी दुसऱ्या मालकाकडून घेतली. पुण्यात रुंद डांबरी रस्त्यावर चालवून पाहिली. इंजिन गोड वाटलं, कागद चोख होते. खंबाटकीचा घाट चढून साताऱ्यात आणली तोवर हूं की चूं नाही. पोवई नाका ओलांडून आमच्या गल्लीत वळलो, ड्रेनेजचं झाकण डाव्या चाकाखाली आलं आणि पुढून, पायाशी कुठंतरी, खळखळ वाजलं. पत्र्याच्या डब्यात चार खडे घालून हलवावेत तसं.

दुसऱ्या दिवशी आईला देवळात नेलं. प्रत्येक खड्ड्याला तिची मूठ दरवाजाच्या हँडलवर आवळायची. परत येताना म्हणाली, "चाक तर निखळत नाही ना रे?" नाही म्हणालो, पण ते नाही कशाच्या जोरावर म्हणालो ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. त्या प्रश्नानंच मी या कामाला लागलो.

आधी अर्थातच गॅरेजला गेलो. गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी झाली आणि यादी मिळाली: दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, टाय रॉड एंड. सगळं एकदम टाका, म्हणजे पुन्हा बघायला नको. चोवीस हजार. गाडी जॅकवर चढली नव्हती, चाक कुणी हलवून पाहिलं नव्हतं. त्यांच्या बाजूनंही मी विचार केला. एक पार्ट बदलला आणि आवाज राहिला की गिऱ्हाईक भांडायला येतं, सगळंच बदललं की आवाज जाणारच. पण सहा पार्टांपैकी वाजत होता कोण, हे त्या चोवीस हजारांतही कळलं नसतं. मला ते हवं होतं.

घरी आलो आणि पहिलं काम केलं ते गाडी रिकामी करायचं. डिकीतला जॅक, चाकाचा पाना, स्टेपनी, छत्री, पाण्याच्या बाटल्या, ग्लोव्ह बॉक्समधली नाणी, मागच्या सीटचे मोकळे बकल, सगळं ओट्यावर मांडलं. स्टेपनीचा मधला स्क्रू पुरता आवळलेला नव्हता आणि जॅक आपल्या खोबणीत सैल पडून होता. गाडी पुन्हा फिरवली तर मागून येणारी एक बारीक खडखड साफ गेली होती. त्याच आवाजाला मी मनात मागचे शॉकअप गेले असं नाव देऊन ठेवलं होतं. नंबर प्लेट हातानं हलवून बघितली, इंजिनखालचं प्लास्टिकचं आवरण बघितलं, त्याची एक क्लिप गायब होती ती बसवली. सायलेन्सरची रबरं आणि त्याच्यावरचा उष्णता अडवणारा पातळ पत्रा, हे दोन्ही हातानं हलवून बघावं. गाडी गार असताना, नाहीतर हात भाजेल. आमचे दोन्ही घट्ट होते.

टायरमधली हवा तपासली तर चाळीस. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर तेहतीस लिहिलेली. हवा जास्त असली की टायर खड्डा पोटात घेत नाही, तो पुढं ढकलतो आणि सैल असलेलं सगळं जास्त वाजतं. हवा तेहतीसवर आणली. खळखळ गेली नाही, मऊ झाली.

मग वही घातली. ही कल्पना माझ्या मुलीची, ती नववीत आहे. तिचं म्हणणं, "बाबा, तुम्ही प्रत्येक वेळी 'आवाज येतोय' एवढंच म्हणता. कुठला ते सांगा ना." आम्ही दोघं गल्लीत हळूहळू फिरलो, एसी बंद, पंखा बंद, काचा खाली. शेजारच्या शाळेची लांबलचक कंपाउंड भिंत आहे, तिला लागून गाडी नेली की त्या बाजूच्या चाकाचा आवाज भिंतीवर आपटून खिडकीतून आत येतो. उजवी बाजू भिंतीकडे ठेवून एक फेरी, डावी बाजू ठेवून एक फेरी. मुलगी मांडीवर वही घेऊन लिहीत होती. तिनं तीन नावं पक्की केली. खळखळ: बारीक खडबडीत रस्त्यावर, वीसच्या आसपास वेग असताना, सलग. ठक्: एकदाच, ब्रेक दाबल्यावर, आणि रिव्हर्स घेऊन थांबल्यावर पुन्हा एकदा. कुरकुर: गतिरोधकावर सावकाश चढताना, जुन्या लाकडी पलंगासारखी.

आपल्या भाषेत आवाजाला किती शब्द आहेत, ते या कामात कळलं आणि प्रत्येक शब्द निदानाला उपयोगी पडला. खळखळ किंवा खडखड म्हणजे लहानसं काहीतरी सैल आहे आणि पटापट दोन्हीकडे आपटतंय. ठक् म्हणजे एखादी वजनदार गोष्ट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकली आणि थांबली. कुरकुर, करकर म्हणजे रबर किंवा कोरडा सांधा. घूं घूं करणारा, वेगाबरोबर चढत जाणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा. स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी पुढं घेताना टक् टक् टक् असं चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाजलं, तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. शेवटचे दोन आमच्याकडे आहेत का हे मैदानात जाऊन मुद्दाम पाहिलं. नव्हते. नसलेलंही वहीत लिहिलं, कारण त्यामुळे दोन मोठे खर्च यादीतून गेले.

खळखळीच्या मागं आधी लागलो. पहिली परीक्षा ब्रेकची. आवाज चालू असताना ब्रेकचं पेडल अगदी हलकं, गाडीचा वेग कमी होणार नाही इतपतच दाबायचं. ब्रेक पॅड किंवा ते दाबणारा कॅलिपर सैल होऊन वाजत असतील तर ते चिमटीत धरल्यासारखे गप्प होतात. आमचा आवाज तसाच राहिला. ब्रेक सुटले.

दुसरी परीक्षा मला सगळ्यांत आवडली. गल्लीत एक सिमेंटचा गतिरोधक आहे, अर्ध्या रस्त्यापर्यंतच शिल्लक राहिलेला. आधी दोन्ही चाकं एकदम चढतील अशी गाडी त्याच्यावरून नेली. खळखळ जवळजवळ नाही. मग फक्त डावी चाकं त्याच्यावरून आणि उजवी सपाट रस्त्यावरून. खळखळ मोठ्यानं. पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक वाकवलेली सळई असते, स्टॅबिलायझर बार. काही मेकॅनिक तिला जंपिंग रॉड म्हणतात. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून ती असते. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ही सळई आपल्या बुशांमध्ये, म्हणजे तिला धरणाऱ्या रबरांमध्ये, नुसती फिरते, पिळली जात नाही. एकच चाक वर गेलं तर ती पिळली जाते आणि तिच्या टोकाला असलेल्या लिंकवर, म्हणजे आखूड जोडसळईवर, जोर येतो. म्हणजे एका चाकाला वाजतं आणि दोन्ही चाकांना वाजत नाही, तर संशय या सळईच्या कुटुंबावर: दोन लिंक आणि मधले दोन बुश.

एवढं कळल्यावर रविवारी सकाळी मेव्हण्याकडून ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, आणल्या. इथं थोडं थांबून सांगतो, कारण यात हयगय चालत नाही. जमीन सपाट आणि पक्की हवी. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, हँडब्रेक ओढायचा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्यायचे. जॅक लावायचा तो गाडीच्या दरवाजाखालच्या उंबऱ्याखाली कंपनीनं खाचा दिल्या असतात तिथंच. नुसत्या जॅकवर गाडी असताना शरीराचा कुठलाही भाग खाली घालायचा नाही. घोडीवर वजन आल्यावर गाडी हातानं ढकलून बघायची, आणि काढलेलं चाक आडवं करून उंबऱ्याखाली सरकवून ठेवायचं. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. चाक खाली सरकवल्यावरच ती आत गेली.

डावं चाक उचललं तेव्हा, ते काढायच्या आधीच, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन हात धरून आत-बाहेर हलवलं, मग नऊ आणि तीनच्या जागी. बारा-सहाला ढिलाई लागली तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा, गोळा-वाटीचा सांधा (बॉल जॉइंट) किंवा बेअरिंग. नऊ-तीनला लागली तर स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक म्हणजे टाय रॉड एंड, स्टिअरिंग रॅकच्या आतला सांधा किंवा पुन्हा बेअरिंग. यातला बेअरिंगचा भाग वेगळा काढायला कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ढिलाई गेली तर बेअरिंग, तरी राहिली तर सांधा. आमचं चाक दोन्हीकडे घट्ट होतं. मग लिंक धरून हलवली. दगडासारखी. सगळा रविवार गेला आणि हाती काही लागलं नाही. वहीत 'लिंक ठीक' असं लिहून टाकलं. ही माझी चूक होती, आणि ती आणखी चार दिवस मला चकवत राहिली. मी शॉकअपच्या वरच्या माउंटिंगकडे वळलो, बॉनेट उघडून त्याच्यावर हात ठेवून बसलो, कारण आवाज डॅशबोर्डच्या मागून आल्यासारखा वाटायचा.

समोर राहणारे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते रोज येता-जाता बघत होते, पण विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत. शेवटी मीच गेलो. "काका, जरा येता का? आवाज सापडत नाही." चपला घालून लगेच आले. गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या मडगार्डवर तळहात टेकवला.

"आमच्या गाड्यांना पाटं, पट्ट्यांची स्प्रिंग. पाटा तुटला की गाडी एका अंगाला कलती, डोळ्यानं दिसतं. ह्यात काय दिसायचं न्हाय. पण आवाज कानानं हुडकू नगंस. हातानं हुडक."

मी म्हणालो, हातानंच बघितलं, चाक उचलून, लिंक हलवून.

"उचलून कशाला? गाडी रस्त्यावर असताना वाजती न्हवं? मग रस्त्यावर असल्यासारखीच ठिवून धर."

त्या एका वाक्यानं माझी चूक उलगडली. एकच चाक उचललं की ते खाली लोंबतं, दुसरं जमिनीवर असतं, म्हणजे स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो. पिळलेला बार लिंकला एका बाजूला ताणून धरतो आणि तिच्यातली ढिलाई झाकली जाते. लिंक तपासायची तर दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत. दोन्ही जमिनीवर नाहीतर दोन्ही लोंबती.

गाडी जमिनीवर ठेवली, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, पहिला गिअर, दगड लावलेले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकाच्या मागं हात जाण्याइतकी फट होते. काका जमिनीवर पोतं टाकून आडवे झाले, वय सत्तरीच्या पुढचं, आणि आत हात घातला. स्प्रिंगच्या वेटोळ्यात बोट जाणार नाही अशा बेतानं. मी छताच्या कडेला धरून गाडी डावी-उजवी हलवू लागलो, हलकं, झोका द्यावा तसं. दहाएक सेकंदांत काका म्हणाले, "घावला." मग मी पोत्यावर आणि ते उभे. लिंकच्या वरच्या टोकाशी दोन बोटं टेकवली. प्रत्येक झोक्याला बोटाखाली टक्, टक्. आवाज म्हणाल तर जवळजवळ नव्हताच. पडायला आलेल्या दुधाच्या दाताला जीभ लावल्यावर कळतं, तसं बोटाला कळत होतं. उजव्या बाजूची लिंक तशीच तपासली. तिच्यात काही नव्हतं.

डॅशबोर्डमागून आवाज का वाटायचा तेही मग नीट समजून घेतलं. अशा छोट्या गाड्यांच्या पुढच्या शॉकअपला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात, अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावावरून. त्यात शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात असतात आणि खांबाचं वरचं टोक थेट बॉडीला, बॉनेटच्या आत, काचेच्या पुढं बोल्टांनी बांधलेलं असतं. आमच्या गाडीत लिंकचं एक टोक त्याच खांबाला आहे. खाली टक् झालं की ते लोखंडातून वर चढतं आणि पत्र्यात पसरतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादात ५,००० मीटरच्या वर. कानापर्यंत येतो तेव्हा अख्खा पत्रा वाजत असतो, मूळ जागा नाही. म्हणून हात.

तरीही नवीन लिंक आणायच्या आधी मला पुरावा हवा होता. दोन्ही बाजूंच्या लिंक काढून गाडी गल्लीत फिरवायची आणि आवाज जातो का बघायचं. नट गंजलेले होते, रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला. या नटाची एक खोड आहे. तो फिरवला की आतला गोळ्याचा दांडाही बरोबर फिरतो आणि नट सुटत नाही. दांड्याच्या टोकाला षटकोनी भोक असतं, त्यात ॲलन की घालून दांडा धरायचा आणि रिंग पान्यानं नट फिरवायचा. त्या भोकात माती बसलेली असते, ती सुईनं उकरून काढल्याशिवाय की नीट बसत नाही आणि जोर केला की भोक गोल होतं. डावीकडच्या लिंकचं रबरी टोपण फाटलेलं होतं, आतलं ग्रीस वाळून तांबड्या चिखलासारखं झालं होतं. हातात घेऊन हलवली तर गोळा आपल्या वाटीत चमच्यासारखा वाजला.

सळईची मोकळी टोकं कुठं आपटू नयेत म्हणून केबल टायनं बांधली आणि पंधराच्या वेगानं गल्लीत फेरी मारली. वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त झुकते, म्हणून फक्त गल्लीतच आणि फक्त तेवढ्यापुरती. ड्रेनेजचं झाकण आलं. गेलं. अर्धा गतिरोधक आला. गेला. काही नाही. मुलगी मागच्या सीटवर होती, ती म्हणाली, "बाबा, परत जा ना त्याच्यावरून." तीन वेळा गेलो.

नवीन जोडी १,२०० रुपयांना मिळाली. गाडी दोन्ही घोड्यांवर समान उंचीवर घेऊन एका तासात बसवली.

खळखळ गेल्यावर बाकीचे दोन आवाज उघडे पडले, आधी ते तिच्याखाली दबलेले होते. कुरकुर आता आईलाही ऐकू यायला लागली.

तिचा पहिला धागा पावसानं दिला. आषाढ लागला होता. रात्रभर पाऊस पडलेल्या सकाळी गतिरोधकावर गाडी मुकी असायची आणि दुपारी ऊन पडलं की पुन्हा पलंग कुरकुरायचा. मुलीच्या वहीत चार दिवसांच्या नोंदी होत्या: ओलं, नाही. कोरडं, आहे. म्हणजे रबर. मग बायकोची इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली मागून घेतली. एका वेळी एकाच जागी पाणी मारायचं, मग दोघांनी मिळून गाडीचं नाक दाबायचं आणि ऐकायचं. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर पावसानं जे सांगितलं तेवढंच पुन्हा कळतं. आधी शॉकअपच्या माथ्याचं रबर. कुरकुर तशीच. मग स्टॅबिलायझर बारचे मधले बुश. तशीच. मग डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश. गप्प. पाच मिनिटांनी पाणी सुकलं, पुन्हा कुरकुर. पुन्हा मारलं, पुन्हा गप्प.

गल्लीतल्या दोघांनी सांगितलं, डिझेल मार, आवाज जातो. जातो, हे खरं. पण डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस हे सगळं पेट्रोलियमचं. त्यानं रबर फुगतं आणि सडतं. चार दिवस शांतता मिळते आणि बुश आधीपेक्षा लवकर जातो. शोधायला पाणी पुरतं.

आणि ठक्? तो वेगळा असेल असंच मी धरून चाललो होतो. ब्रेक दाबला की एकदा, रिव्हर्समध्ये ब्रेक दाबला की पुन्हा एकदा. म्हणजे काहीतरी मागं सरकतंय आणि उलट जोर आला की पुढं येतंय. सरकताना बघायचं तर चालत्या गाडीखाली डोकं घालता येत नाही. मी जुना मोबाइल व्हिडिओ चालू करून, विटेच्या आडोशाला, चाकाच्या वाटेपासून दूर जमिनीवर ठेवला. बायको स्टिअरिंगवर बसली. हातभर पुढं आणि ब्रेक. हातभर मागं आणि ब्रेक. आम्ही सगळे बाजूला. मग ओट्यावर बसून व्हिडिओ पाहिला. ब्रेक लागला की लोअर आर्मचं मागचं टोक बुशाच्या आत करंगळीच्या नखाएवढं सरकत होतं. रिव्हर्सला तेवढंच परत. जो बुश कुरकुरत होता तोच ठक् करत होता. काकांना व्हिडिओ दाखवला, त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला.

खात्रीसाठी गाडी घोड्यांवर घेऊन आर्म आणि चौकटीच्या मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि उचकटली. रबराला अर्ध्या गोलाईत चीर होती, टॉमीच्या जोरानं तिचं तोंड उघडलं. उजव्या बाजूच्या बुशाला वरवर बारीक भेगा होत्या, पण टॉमी लावून काही उघडलं नाही.

हे काम मी घरी केलं नाही. बॉल जॉइंट नकलमधून, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या भागातून, सोडवायला ओढून काढायचं नीट हत्यार (पुलर) लागतं, हातोड्यानं ठोकाठोकी करायची माझी तयारी नव्हती. शिवाय आईला घेऊन घाट उतरायचे, तिथला बोल्ट माझ्या अंदाजानं आवळलेला नको होता. दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो, व्हिडिओ दाखवला आणि म्हणालो, डावा लोअर आर्म बदलायचा आहे, बाकी काही नाही. त्यांनी व्हिडिओ पाहिला, एकदा स्वतः टॉमी लावून बघितली आणि कामाला लागले. बुश एकटा दाबून बसवता आला असता, पण बॉल जॉइंटही तितकाच जुना, म्हणून पूर्ण आर्मच घेतला. २,३०० रुपये.

एक विनंती मी आधीच केली होती. बुशाचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाक लोंबत असताना आवळले तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. मग गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा, आणि नवा बुश वर्ष-दोन वर्षांत फाटतो. आधीच्या वेळी तसंच झालं असेल का, हा विचार माझ्या मनात आला, कारण गाडीला जेमतेम ६८,००० झाले होते. मिस्त्री म्हणाले, "बरोबर बोलताय साहेब, पण लिफ्टवर असतानाच आवळून मोकळं व्हायची सवय लागते." त्यांनी गाडी खाली उतरवली, पुढचं नाक तीन-चार वेळा दाबून बसवली आणि मग खाली शिरून आवळलं. आर्म बदलला की चाकांचा कोन हलतो, म्हणून तिथूनच अलाइनमेंटला गेलो. मजुरी ९००, अलाइनमेंट ४००. लिंकचे १,२०० आणि आर्मचे २,३०० धरून सगळे मिळून ४,८००.

चोवीस हजारांच्या यादीत शॉकअप होते, त्यांचंही सांगतो. कोपरा दाबून सोडला की गाडी एकदा वर येऊन स्थिर व्हावी, हालत राहू नये. आमची स्थिर होत होती. पण या परीक्षेवर एकटीवर मी भरवसा ठेवला नाही, अर्धवट गेलेला शॉकअपही ती पास होऊ शकतो. म्हणून टॉर्च घेऊन चारही शॉकअपच्या दांड्या आणि नळ्या बघितल्या. तेलाचा ओघळ कुठंच नव्हता, मागच्या उजव्या बाजूला धुळीवर नुसता ओलसर डाग होता, तेवढा चालतो. धुळीची टोपणं शाबूत, आतले बम्प स्टॉप, म्हणजे धक्का झेलणारी रबरं, शाबूत, टायर एका कडेनं किंवा टप्प्याटप्प्यानं झिजलेले नाहीत. चारही शॉकअप गाडीतच आहेत.

त्या आठवड्यात आईची तपासणीची तारीख होती. पहाटे निघालो. गल्लीतलं झाकण आलं तेव्हा मी मुद्दाम डावं चाक त्याच्यावरून नेलं. आई पिशवीतले कागद चाळत होती, तिचा हात हँडलकडे गेला नाही. खंबाटकीचा बोगदा पार झाल्यावर तिनं विचारलं, "आवाज कशाचा होता रे मग?" मी सांगितलं, हाताच्या वितीएवढी एक सळई आणि एक रबर. तिनं दोन्ही दाखव म्हणून सांगितलं. परत आल्यावर ओट्यावर ठेवलेली जुनी लिंक तिनं हातात घेतली, कानाशी धरून हलवली आणि तिच्या टोकाला बोट लावून पाहिलं.

वहीच्या शेवटच्या पानावर मुलीनं लिहून ठेवलंय: उजवा लोअर आर्म, मागचा बुश, बारीक भेगा, उघडत नाही, आवाज नाही, ६९,१५० किलोमीटर. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा टॉमी लावून बघायचं.